अटीतील विशेषण

प्राचीन ग्रीस देशाच्या दक्षिण भागात लॅकोनिया नावाचा प्रदेश होता. स्पार्टा हे त्याचे मुख्य नगर. स्पार्टाचे लोक शूर म्हणून जितके प्रसिद्ध होते, तितकेच मितभाषी म्हणूनही प्रसिद्ध होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ग्रीसमधील एकेक राज्य आपल्या वर्चस्वाखाली आणण्यास आरंभ केला. त्याने स्पार्टाच्या लोकांना असा निरोप धाडला की, जर त्याने लॅकोनियात पाऊल टाकले, तर तो त्यांना देशोधडीला लावील. या धमकीला स्पार्टाकडून एकाच शब्दाचे उत्तर गेले. तो शब्द होता 'जर'. प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने ही हकिकत लिहून ठेविली आहे. पुढे फिलिपने लॅकोनियाचा मुलूख उद्ध्वस्त केला, हे खरे. परंतु स्पार्टा नगर मात्र त्याने घेतले नाही. या लॅकोनियाच्या नावावरूनच इंग्रजी भाषेत 'लॅकोनिक' हे विशेषण रूढ झाले. थोडक्या शब्दांत पुष्कळ अर्थ सांगणाऱ्या बोलण्याला ते लावितात.

स्पार्टाच्या उत्तरातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. फिलिपची धमकी मोठी होती. परंतु ती सर्व 'जर' या दोन अक्षरांवर टांगलेली होती. ज्या वाक्यात 'जर' येतो, त्या वाक्यातील पुढचे विधान अजून निश्चित झालेले नसते. कोणती तरी एक गोष्ट घडेल, तेव्हाच ते खरे ठरावयाचे असते. म्हणून अटीचे वाक्य वाचताना दोन प्रश्न मनात उभे राहिले पाहिजेत. या वाक्यात कोणती गोष्ट गृहीत धरलेली आहे? आणि कोणती गोष्ट अद्याप ठरावयाची आहे?

इंग्रजी वाक्यात या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा विशेषणाजवळ सापडतात. मराठी भाषा बोलणारा विद्यार्थी इंग्रजी विशेषणाचा अर्थ पाठ करितो, परंतु ते वाक्यात कोठे बसले आहे याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. त्यामुळे शब्द सारे ओळखीचे असूनही वाक्याचा अर्थ हातून निसटतो.

१. अटीचे वाक्य

इंग्रजीत अट दाखविण्यासाठी मुख्यतः 'इफ' हे उभयान्वयी अव्यय वापरितात. 'इफ इट रेन्स, द रिव्हर विल राइज' हे वाक्य पाहावे. 'पाऊस पडला, तर नदी चढेल' असा त्याचा अर्थ. यातील 'इफ इट रेन्स' हे गौण वाक्य असून त्यात अट आहे. 'द रिव्हर विल राइज' हे प्रधान वाक्य असून त्यात अटीचे फळ आहे. पाऊस अजून पडावयाचा आहे. तरीही इंग्रजीने येथे वर्तमानकाळाचे रूप योजिले आहे आणि मराठीने 'पडला' हे भूतकाळाचे रूप योजिले आहे. अटीच्या वाक्यात क्रियापदाचे रूप केवळ काळ सांगत नाही, हे यावरून दिसून येते.

मराठीत 'जर' आणि 'तर' ही जोडी आहे. परंतु बोलताना 'जर' बहुधा गळतो आणि 'तर' राहतो. 'पाऊस पडला, तर नदी चढेल' असेच कोणीही म्हणतो. इंग्रजीत नेमके याच्या उलट घडते. तेथे 'तर' या अर्थाचा 'देन' हा शब्द बहुधा गळतो आणि 'इफ' राहतो. मराठी ऐकणाऱ्याला अट कोठे संपली हे 'तर' सांगतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला अट कोठे सुरू झाली हे 'इफ' सांगतो. अट कोठे संपली हे लिखित इंग्रजीत स्वल्पविरामावरून कळते. मात्र प्रधान वाक्य आधी येऊन अट मागून आली, तर हा स्वल्पविराम सहसा देत नाहीत.

अटी एकामागून एक रचीत गेल्यास वाचकाला फळाची किती वाट पाहावी लागते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्रजी काव्यात आहे. मुंबईत १८६५ साली जन्मलेले इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांची 'इफ' ही कविता १९१० साली एका पुस्तकात प्रसिद्ध झाली. तिच्या ३२ ओळी आहेत. त्यांपैकी ३० ओळी अटींतच खर्ची पडतात आणि त्या सर्व अटींचे फळ केवळ अखेरच्या दोन ओळींत येते.

मराठीत अट सांगण्याचा आणखी एक आटोपशीर मार्ग आहे. 'पाऊस पडल्यास', 'उशीर झाल्यास', 'आवश्यक असल्यास' या रूपांत 'जर' आणि 'तर' हे दोन्ही शब्द नाहीत. तरी अट पूर्ण आहे. कायदे, सूचनाफलक आणि कचेरीतील पत्रे यांत ही रूपे विशेष आढळतात.

२. विशेषणाच्या तीन जागा

मराठी व्याकरणात विशेषणाच्या दोन जागा सांगितल्या आहेत. 'गोड आंबा' यात 'गोड' हे नामाच्या आधी आले आहे. त्याला अधिविशेषण म्हणतात. 'आंबा गोड आहे' यात 'गोड' हे नामानंतर येऊन आंब्याविषयी विधान करिते. त्याला विधिविशेषण म्हणतात. इंग्रजीतही या दोन जागा आहेतच. शिवाय तिसरी एक जागा आहे. या तीन जागांमुळे अटीच्या अर्थात केवढा फरक पडतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

कोकणातील एका बागाईतदाराने परदेशातील व्यापाऱ्याशी हापूस आंब्यांचा सौदा केला, अशी कल्पना करावी. हापूसचे फळ झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. ते तयार झाले की कच्चेच उतरवितात. मग ते अढीत किंवा पेटीत गवतावर ठेवितात आणि तेथे ते हळूहळू पिकते. म्हणजे आज हिरवा दिसणारा आंबा काही दिवसांनी पिवळा होतो. आता सौद्याच्या कागदावर पुढील तीन वाक्यांपैकी कोणते तरी एक लिहावयाचे आहे.

'इफ द राइप मँगोज अराइव्ह ऑन मंडे, वुई शॅल पे द फुल प्राइस.' पिकलेले आंबे सोमवारी पोहोचले, तर पूर्ण किंमत देऊ.

'इफ द मँगोज आर राइप, वुई शॅल पे द फुल प्राइस.' आंबे पिकलेले असले, तर पूर्ण किंमत देऊ.

'इफ द मँगोज अराइव्ह राइप ऑन मंडे, वुई शॅल पे द फुल प्राइस.' आंबे सोमवारी पोहोचताना पिकलेले असले, तर पूर्ण किंमत देऊ.

तिन्ही वाक्यांत 'राइप' हे विशेषण एकच, आंबेही तेच, आणि किंमतही तीच. आता असे समजावे की, पेटी सोमवारी पोहोचली. त्या दिवशी आंबे हिरवे होते. आणि गुरुवारी ते उत्तम पिकले. व्यापाऱ्याने पूर्ण किंमत द्यावी की नाही?

दुसरे वाक्य लिहिलेले असेल, तर बागाईतदाराची बाजू बळकट आहे. या वाक्यात आंब्यांचे पिकलेले असणे हीच अट आहे आणि तिला दिवसाचे बंधन नाही. गुरुवारी आंबे पिकले, म्हणजे अट पुरी झाली, असे त्याला म्हणता येईल. तिसरे वाक्य लिहिलेले असेल, तर व्यापाऱ्याची बाजू बळकट आहे. या वाक्यात पोहोचणे आणि पिकलेले असणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या पाहिजेत. सोमवारी आंबे हिरवे होते. तेथेच अट मोडली.

पहिल्या वाक्याची गोष्ट निराळी आहे. त्यात आंबे पिकलेले आहेत हे आधीच मान्य केले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ते सोमवारी पोहोचले की नाही. परंतु जे पोहोचले ते पिकलेले नव्हते. बागाईतदार म्हणेल की, दिवस पाळला, अट पुरी झाली. व्यापारी म्हणेल की, ज्या पिकलेल्या आंब्यांविषयी बोलणे झाले, ते आंबे हे नव्हेतच. वाक्य या वादाचा निकाल देऊ शकत नाही. कारण जे तपासावयास पाहिजे होते, तेच त्याने गृहीत धरिले.

यावरून एक नियम निघतो. इंग्रजीत 'द' या उपपदासह नामाच्या आधी बसलेले विशेषण गोष्ट मानून चालते. क्रियापदानंतर बसलेले विशेषण ती गोष्ट तपासावयास लाविते.

तिसऱ्या वाक्यातील 'अराइव्ह राइप' या रचनेकडे विशेष लक्ष द्यावे. येथे विशेषण क्रियापदानंतर आले आहे. परंतु क्रियापद 'असणे' हे नसून 'येणे' हे आहे. म्हणून पुष्कळ विद्यार्थी त्या शब्दाला क्रियाविशेषण समजतात. ते बरोबर नाही. येण्याची रीत कशी होती हे तो शब्द सांगत नाही. आले त्या वेळी आंबे कसे होते हे तो सांगतो. म्हणून तो शब्द विशेषणच होय.

इंग्रजीत जागेला एवढे महत्त्व का आले, याचे एक कारण विशेषणाच्या रूपात आहे. मराठीत 'चांगला आंबा', 'चांगली पेटी', 'चांगले फळ' अशी विकारी विशेषणांची रूपे लिंग आणि वचन यांप्रमाणे बदलतात. 'पेटीतील आंबे जर वरून चांगले दिसत असले' या वाक्यात 'चांगले' हा शब्द 'आंबे' या शब्दापासून दूर आहे. तरी तो आंब्यांचा आहे, पेटीचा नव्हे, हे त्याच्या रूपावरूनच कळते. इंग्रजी विशेषण असे बदलत नाही. एक आंबा असो की शंभर असोत, 'राइप' हे 'राइप'च राहते. आपला धनी कोण, हे इंग्रजी विशेषण रूपाने सांगू शकत नाही. म्हणून ते जागेने सांगते.

३. उपपदाचे काम

वर दिलेल्या नियमात 'द' या उपपदाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पुढील दोन वाक्ये ताडून पाहावीत.

'इफ यू फाइंड द ब्रोकन टाइल, ब्रिंग इट.'

'इफ यू फाइंड अ ब्रोकन टाइल, ब्रिंग इट.'

दोन्ही वाक्यांत 'ब्रोकन' म्हणजे फुटलेले हे विशेषण 'टाइल' म्हणजे कौल या नामाच्या आधी आहे. पहिल्या वाक्यात कौल फुटले आहे, हे बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ठाऊक आहे. ते सापडेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. 'ते फुटलेले कौल सापडले, तर घेऊन या' असा त्याचा अर्थ. दुसऱ्या वाक्यात कोणतेही कौल फुटले आहे असे मानलेले नाही. छपरावरील सर्व कौले धडधाकटही असतील. 'एखादे फुटके कौल आढळले, तर घेऊन या' असा या वाक्याचा अर्थ. येथे विशेषण नामाच्या आधी असूनही अटीचाच भाग झाले आहे.

मराठीत उपपदे नाहीत. 'फुटके कौल सापडले, तर घेऊन या' या वाक्याचे दोन्ही अर्थ होऊ शकतात आणि कोणता अर्थ घ्यावयाचा, हे प्रसंगावरून ठरते. परंतु भाषांतर करणाऱ्याला प्रसंगावर विसंबून राहता येत नाही. 'द'च्या जागी 'तो, ती, ते' आणि 'अ'च्या जागी 'एखादा, एखादी, एखादे' हे शब्द योजिल्यास मूळ अर्थ पुष्कळ अंशी राखता येतो. मात्र हे शब्द यंत्रासारखे प्रत्येक ठिकाणी घालू नयेत. जेथे त्यांवाचून अर्थ दुभंगतो, तेथेच घालावेत.

४. संभवनीय अट आणि असंभवनीय अट

विशेषण तेच आणि त्याची जागाही तीच. तरी क्रियापदाचे रूप बदलताच वाक्याचा रोख बदलतो.

'इफ ही इज ऑनेस्ट, ही विल रिटर्न द मनी.' तो प्रामाणिक असेल, तर पैसे परत करील.

'इफ ही वेअर ऑनेस्ट, ही वुड रिटर्न द मनी.' तो प्रामाणिक असता, तर त्याने पैसे परत केले असते.

पहिल्या वाक्यात त्या मनुष्याच्या प्रामाणिकपणाचा निर्णय झालेला नाही. तो प्रामाणिक असू शकेल, नसूही शकेल. पैसे परत येतात की नाही, यावरून ते कळेल. दुसऱ्या वाक्यात मात्र निर्णय होऊन चुकला आहे. वाक्यात 'ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिक असा गौरवाचा शब्द आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो मनुष्य अप्रामाणिक असल्याचा. आरोपाचा एकही शब्द न उच्चारता आरोप केला गेला.

एकवचनी 'ही'बरोबर 'वॉज' यावयाचे सोडून 'वेअर' आले, ही चूक नव्हे. वस्तुस्थितीच्या विरुद्ध कल्पना करताना शिष्ट इंग्रजीत असे रूप वापरितात. बोलण्यात अशा ठिकाणी 'वॉज' हेही रूप पुष्कळदा ऐकू येते. मराठीत 'असेल' आणि 'असता' या दोन रूपांत हाच भेद आहे. मात्र होऊन गेलेल्या काळाविषयी बोलावयाचे असल्यास इंग्रजीत 'हॅड बीन' हे वेगळे रूप लागते. मराठीचे 'असता' दोन्हीकडे चालते.

पत्रलेखकाने, वार्ताहराने किंवा न्यायालयात जबानीचे भाषांतर करणाऱ्याने हा भेद विसरून चालणार नाही. 'असेल'च्या जागी 'असता' लिहिले गेले, तर ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही, त्याच्यावर तो लादला जातो. एका क्रियापदाच्या रूपामुळे मनुष्याच्या अब्रूला डाग लागू शकतो.

अटीतील शब्दांचे वजन कायद्याने फार काटेकोरपणे तोलले आहे. १८७२ सालच्या भारतीय संविदा अधिनियमात, म्हणजेच करारांच्या कायद्यात, अटींवर अवलंबून असणाऱ्या करारांचे एक प्रकरण आहे. त्यातील ३१ व्या कलमात असे उदाहरण दिले आहे की, 'ब' याचे घर जळाल्यास त्याला १०,००० रुपये देण्याचा करार 'अ' याने केला. मूळ इंग्रजीत 'बर्न्ट' हा शब्द 'इज' या क्रियापदानंतर आला आहे. म्हणून घर जळणे ही अट आहे. घर सुरक्षित असेपर्यंत पैसे देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हाच शब्द उचलून नामाच्या आधी ठेविला, तर 'ब'चे 'जळालेले घर' असा अर्थ होईल. मग घर आधीच जळालेले ठरेल आणि घर जळण्याची अटच नाहीशी होईल.

त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमातील उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. घडणे अशक्य असलेल्या गोष्टीवर जो करार अवलंबून असतो तो निरर्थक होय, असे ते कलम सांगते. उदाहरण असे आहे: दोन सरळ रेषांनी एखादी जागा बंदिस्त केली, तर 'ब' याला १,००० रुपये देण्याचे 'अ' कबूल करितो. भूमितीचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ठाऊक असते की, जागा बंदिस्त करण्यास निदान तीन सरळ रेषा लागतात. दोन सरळ रेषा एकमेकींना फार तर एका बिंदूत छेदतील. त्यांच्यामध्ये जागा कोंडली जाणार नाही. म्हणून हा करार निरर्थक ठरतो.

आता या वाक्यातून 'सरळ' हे एकच विशेषण काढून टाकावे. नुसत्या 'दोन रेषा' उरतात. रेषा वक्रही असू शकते आणि दोन वक्र रेषा टोकाला टोक लावून जागा सहज बंदिस्त करितात. म्हणजे जी अट अशक्य होती, ती शक्य झाली. आणि ती अशक्य आहे म्हणून करार निरर्थक, असे म्हणण्यास आधार उरला नाही. बाकीचे सर्व शब्द जागच्या जागी आहेत. त्या कराराचे सारे भवितव्य एका विशेषणात साठविलेले होते.

५. संक्षेप

इंग्रजीत अटीचे वाक्य कधी कधी इतके आखूड होते की, त्यात 'इफ' आणि विशेषण एवढेच उरते. पोस्टाने येणाऱ्या पुष्कळ पाकिटांवर 'इफ अनडिलिव्हर्ड, प्लीज रिटर्न टु' असे छापलेले असते आणि त्याखाली पाठविणाराचा पत्ता असतो. 'हे पत्र ज्याचे त्याला पोहोचले नाही, तर या पत्त्यावर परत पाठवावे' असा त्याचा अर्थ. 'पत्र' हा कर्ता आणि 'असणे' हे क्रियापद ही दोन्ही गाळली आहेत. 'इफ पॉसिबल' म्हणजे शक्य असल्यास आणि 'इफ नेसेसरी' म्हणजे आवश्यक असल्यास, हीही याच प्रकारची रूपे होत. मराठीत विशेषणाला बहुधा 'असल्यास' या शब्दाची सोबत लागते. 'शक्य तर उद्या यावे' असेही म्हणतात. परंतु अशी रूपे थोडी आहेत.

हा संक्षेप सोयीचा आहे, परंतु त्यात एक धोका आहे. कर्ता गाळल्यामुळे विशेषण निराधार होते आणि जवळ सापडेल त्या कर्त्याला चिकटते. 'इफ टायर्ड, गिव्ह द बुलॉक सम रेस्ट' असे कोणी लिहिले, तर थकले कोण? लिहिणाराच्या मनात बैल आहे. परंतु प्रधान वाक्याचा कर्ता ऐकणारा मनुष्य आहे. त्यामुळे 'तुम्ही थकला असाल, तर बैलाला विश्रांती द्या' असा विपरीत अर्थ निघतो. मराठीतही 'थकल्यास बैलाला विश्रांती द्यावी' असे लिहिले, तर हाच घोटाळा होतो. 'बैल थकल्यास त्याला विश्रांती द्यावी' हे निर्दोष वाक्य. पाकिटावरील वाक्यात असा घोटाळा होत नाही. कारण न पोहोचलेले असते ते पत्र, हे उघडच आहे. जेथे असा उघडपणा नाही, तेथे कर्ता गाळू नये. औषध कसे घ्यावे किंवा यंत्र कसे चालवावे, अशा सूचनांत तर तो कधीही गाळू नये.

६. 'तर' आणि 'तरी'

शेवटी एका फसव्या रचनेचा विचार केला पाहिजे. 'अ कम्फर्टेबल, इफ स्मॉल, रूम' या शब्दसमूहात 'इफ' आहे. म्हणून 'खोली लहान असेल, तर सोयीची' असे भाषांतर विद्यार्थी करितात. ते चुकीचे आहे. खोली लहान आहे, यात येथे संशय नाही. लिहिणारा ते मान्य करितो आणि तरीही ती सोयीची आहे असे सांगतो. 'लहान असली, तरी सोयीची खोली' हे योग्य भाषांतर होय.

'तर' आणि 'तरी' यांत एका वेलांटीचे अंतर आहे. परंतु अर्थात मोठे अंतर आहे. 'तर' जेथे येतो, तेथे पहिली गोष्ट अनिश्चित असते. येथील 'तरी' पहिली गोष्ट मान्य करून दुसरी सांगतो. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी 'इफ' येऊ शकतो. ज्या ठिकाणी दोन विशेषणे एकाच नामाला लागलेली असतात आणि त्यांच्यामध्ये 'इफ' येतो, त्या ठिकाणी 'तरी' हा अर्थ बहुधा समजावा.

महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्या झाल्या. वाक्य एका भाषेतून दुसरीत नेणे, हा त्या अभ्यासाचा पाया होता. अटीचे वाक्य समजले की नाही, हे पाहण्यास आजही तोच उपाय उत्तम आहे. इंग्रजी वाक्याचे मराठीत भाषांतर करावे. मूळ वाक्य झाकून ठेवावे. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मराठी वाक्याचे पुन्हा इंग्रजी करावे. विशेषण मूळच्या जागी परत आले, तर अर्थ कळला असे समजावे. ते दुसरीकडे जाऊन बसले, तर कोठे तरी मानलेली गोष्ट आणि तपासावयाची गोष्ट यांची अदलाबदल झाली आहे.

अट घालणारा मनुष्य आपल्या शब्दाने स्वतःला बांधून घेतो आणि दुसऱ्यालाही बांधतो. तो शब्द कोठे ठेविला आहे, हे दोघांनाही सारखेच कळले पाहिजे. भाषेचा काटेकोर अभ्यास त्यासाठीच करावयाचा असतो.

स्वाध्याय

१. स्पार्टाच्या लोकांनी फिलिपला दिलेले उत्तर एकाच शब्दाचे असूनही पुरेसे का होते, ते चार-पाच ओळींत लिहा.

२. 'जर' आणि 'तर' यांपैकी मराठीत कोणता शब्द बहुधा गळतो? इंग्रजीत कोणता गळतो? प्रत्येकी एक उदाहरण द्या.

३. पुढील वाक्यांतील विशेषणे ओळखा. ती अधिविशेषणे आहेत की विधिविशेषणे, ते सांगा.
(अ) विहिरीचे पाणी स्वच्छ असेल, तर ते प्यावे.
(आ) तो जुना पूल बंद असेल, तर होडीने जावे.
(इ) दोर मजबूत असल्यास त्याला ओझे बांधावे.

४. वरील (आ) या वाक्यात कोणती गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि कोणती तपासावयाची आहे?

५. आंब्यांच्या सौद्यात बागाईतदाराने कोणते वाक्य पसंत करावे? व्यापाऱ्याने कोणते पसंत करावे? दोघांनाही न्याय्य वाटेल असे चौथे वाक्य मराठीत तयार करा.

६. 'ती निर्दोष असेल, तर सुटेल' आणि 'ती निर्दोष असती, तर सुटली असती' या दोन वाक्यांतील बोलणाराच्या मतात काय फरक आहे?

७. पुढील वाक्यांतील घोटाळा दूर करून ती पुन्हा लिहा.
(अ) आजारी असल्यास मुलाला शाळेत पाठवू नये.
(आ) फुटल्यास दुकानदाराला बरणी परत करावी.

८. रिकाम्या जागी 'तर' किंवा 'तरी' हा योग्य शब्द घाला.
(अ) वाट लांब असली, ____ सावलीची आहे.
(आ) वाट लांब असली, ____ पहाटेच निघावे.

९. घरी आलेले एखादे पाकीट, औषधाची बाटली किंवा सूचनापत्रक पाहून त्यावरील अटीचे एक वाक्य उतरून घ्या. त्यात कर्ता गाळला आहे काय? गाळला असल्यास तो घालून वाक्य पूर्ण करा.